कातरी पानांची शिरगणती

"वहिनी, पोरांच्या वाफ्याचा कायदा उलटा असतो. सासूबाईंना आजच्या आज सांगून ठेवा," असं श्रीपाद सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला होता. आणि वृंदाने कडेवरच्या मधूचं नाक पुसत त्याला उत्तर दिलं होतं, "सांगते हो. घरचंच माणूस आहे, कुठे पळून जातंय!"

घरचं माणूस पळून गेलं नाही, तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

वृंदा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये वाढलेली. शेजारपाजार सगळा सिंधी, त्यामुळे भाजीवाल्याशी बोलताना आजही तिच्या तोंडून आधी "साईं" निघायचं आणि मग मराठी. वनस्पतिशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली. लग्न होऊन बदलापूरच्या पुढे नदीकाठच्या करंजपाड्यात आली तेव्हा तिला वाटलं होतं, चला, आता जन्मभर झाडांत राहायचं. घराभोवती एक तुळस होती आणि एक शेवगा, आणि शेवग्यावर सुरवंट. नवरा शशिकांत आनंदनगरच्या एमआयडीसीत पाळ्या करायचा. घर चालायचं ते सासूच्या, इंदुबाईच्या, नजरेवर.

नजर कसली, चाळणीच होती ती. तांदळातला खडा इंदुबाई ताट न हलवता काढायची. भाताच्या रोपांत रानटी रोप दडलेलं असलं तर बांधावर उभी राहून बोट दाखवायची. मधू जन्मला तेव्हा सुईणीच्या हातातून त्याला उचलून तिने एकदा उलटंपालटं केलं आणि जाहीर केलं, "काही नाय आमचा. कान आयचे, कपाल आयचा, रडना पन आयचा." गेले दहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हेच ऐकवत होती आणि वृंदा मुकाट ऐकत होती.

घराची नदीकडे पंधरा गुंठे मळी होती. दरवर्षी पुराने साय धरल्यासारखा गाळ साचून झालेली, बोट खुपसलं तर मधल्या पेरापर्यंत सहज जाणारी जमीन. मोठा दीर आनंदा या जमिनीकडे बघायचा तो वीट म्हणून. पलीकडच्या भट्टीवाल्याशी त्याचं बोलणं झालं होतं. पाडव्याला फावडी लागणार, पाच फूट माती निघणार. वृंदाने विचारलं होतं, "आणि मग भाऊजी?"

"मग काय. खड्डा राहील. म्हशी बसतील."

वृंदाला झोपेतही त्या खड्ड्यात बसलेली म्हैस दिसू लागली. त्याच सुमाराला अंबरनाथहून एका बियाण्याच्या कंपनीचा माणूस, म्हणजे हा श्रीपाद, गावोगाव फिरत होता. टोमॅटोचं संकरित बी तयार करून द्यायचं. रोपं कंपनीची, रान आणि हात तुमचे. वृंदाने हट्टच धरला. दोन्ही लेकांचं ऐकून घेऊन इंदुबाईने चुलीसमोरून निकाल दिला, "एक हंगाम सूनबायचा. टमाटा पास झाला त मळी तिची. नापास झाला त आनंदाची वीट. मंग मना कोनी काय बोलायचा नाय."

मळीत आईच्या वीस सऱ्या लागल्या आणि बापाच्या चार. आई म्हणजे जिच्यावर फळ धरायचं ते झाड, बाप म्हणजे ज्याचा पराग घ्यायचा ते. आईचं पान रुंद, सपाट, थेट बटाट्याच्या पानासारखं. बापाचं पान नेहमीच्या टोमॅटोसारखं, कडा कातरलेल्या. बायकांनी पहिल्याच दिवशी बटाटी पान आणि कातरी पान अशी नावं पाडून टाकली. संध्याकाळी आईची उद्या उमलणारी कळी धरून चिमट्याने आतला पिवळा दांडा काढायचा, सकाळी तिला बापाचा पराग बोटाने लावायचा. संध्याकाळच्या कामाला त्या 'हळद' म्हणू लागल्या आणि सकाळच्याला 'लगीन'. "आज किती हलदी झाल्या गो?" "चारशे." "नवरा यवढाच?" "नवरा यवढाच."

इंदुबाईला वृंदाने वेगळं काम दिलं, नजरेचं. "आई, या वीस सऱ्यांत कातरी पानाचं झाड दिसलं की ते परकं. कंपनीच्या रोपांत चुकून आलेलं. ते राहिलं तर सगळं बी बाटेल. दिसलं की उपटायचं."

एवढं सांगायचा अवकाश, इंदुबाई तीन महिने कंबरेत वाकून सऱ्यांतून फिरली. एकूण तेवीस चोर तिने धरले. प्रत्येक चोर मुळासकट हातात धरून घरी आणायची, ओट्यावर आपटायची आणि म्हणायची, "ह्यो बघ. आयच्या रांगेत बसला होता, साळसूद." श्रीपादने दर खेपेला मान डोलावली. वृंदालाही अभिमान वाटला. सासूला आपण काहीतरी शिकवलं आणि ते तिने घेतलं, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

फेब्रुवारीत फळं पिकली, बी धुऊन वाळलं. त्यातलं दोनशे बी कंपनीच्या रिवाजाप्रमाणे घरामागच्या वाफ्यात परीक्षेसाठी पेरलं; हाच तो पोरांचा वाफा. पाच आठवड्यांनी श्रीपाद येऊन पानं मोजणार, त्यावर पास-नापास. पेरून झाल्यावर निघता निघता त्याने ते उलट्या कायद्याचं सांगितलं. इंदुबाई तेव्हा नदीवर गोधड्या धूत होती. संध्याकाळी सांगू म्हणता म्हणता राहिलं, दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना राहिलं, आणि मग कधीतरी सांगितलं आहे असंच वृंदाला वाटू लागलं. रोपं चार बोटं झाली आणि मधूला ताप भरला.

ताप आला की वृंदाचं सगळं शिक्षण पातळ होऊन जायचं. ती मधूला उचलून थेट माहेरच्या, कॅम्प पाचातल्या डॉक्टरांकडे गेली आणि नऊ दिवस तिथेच राहिली. दर अर्ध्या तासाला थर्मामीटर. डॉक्टर म्हणाले, "बेटी, बच्चे को बुखार कम है, तुमको ज़्यादा है." दहाव्या दिवशी शशिकांत दोघांना घेऊन करंजपाड्यात परतला. श्रीपाद मोजणीला यायचाही तोच दिवस होता. तो ओट्यावर बसून पाणी पीत होता.

"या वहिनी, तुमचीच वाट बघत होतो. चला, उरकून टाकू."

दोघं घरामागे गेली. वाफा झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. माती भुसभुशीत, पाणी शिंपडलेलं, आणि मधोमध, एकेक हात अंतरावर, तीन रोपं. गुबगुबीत, रुंद, सपाट पानांची. प्रत्येकाला काटकीचा आधार.

इंदुबाई पदर खोचून कडेला उभी होती. मुंजीच्या मुलाकडे बघावं तशी ती त्या तिघांकडे बघत होती.

"बघा सायेब," ती म्हणाली. "चोख."

श्रीपादने पिशवीतून वही काढली, पेन्सिल काढली, पुन्हा वाफ्याकडे बघितलं आणि पेन्सिल कानाला लावली.

"मावशी, बाकीची?"

"कुठली बाकीची? त्या चोरांची? उपटली." मग वृंदाकडे वळून ती खालच्या आवाजात म्हणाली, "गो, काय सांगू तुना. तू गेलीस आन् चार दिसांनी पान फुटला. बघतंय त काय, सगला वाफा कातरी! धा नाय, वीस नाय, सगला! मना त घामच फुटला. म्हटला, पोरीनं यवढी हाडं झिजवली, आन् बी सगला बाटला. सायेब बघील त काय बोलंल? मंग येक येक करून काढली. बी बाटला त्याचा कोनाला कलू नाय दिला. तीन चोख निघाली, ती ठेवली. तुझी इज्जत राखली बघ."

वृंदाने कडेवरच्या मधूला सावरून धरलं.

श्रीपादने वहीत लिहिलं आणि जड आवाजात वाचून दाखवलं, "पाहिलेली रोपं तीन. त्यात बटाटी पानाची तीन. शंभर टक्के नापास." थोडं थांबून तो म्हणाला, "इतका नापास प्लॉट कंपनीने आजवर पाहिलेला नाही."

आनंदा परसदारी दात घासत उभा होता. मिश्रीचं बोट तोंडातून काढून तो म्हणाला, "फावड्यांना धार लावून ठेवू काय?"

तोवर कुंपणावरून शेजारची जनाबाई आली होती, तिच्यामागे आणखी चार जणी. श्रीपादने सगळ्यांसमोर इंदुबाईला समजावायला घेतलं. "मावशी, कातरी पान वरचढ असतं. बटाटी पानाच्या आईला कातरी पानाच्या बापाचा पराग लागला की पोर निघतं कातरी. म्हणून तर कंपनीने मुद्दाम बटाटी पानाची आई घेतली. फळ बघायला तीन महिने थांबावं लागतं, पान पहिल्या महिन्यातच बोलतं. पोर बापासारखं कातरी निघालं, तर संकर झाला. आणि आईसारखं बटाटी निघालं, तर समजायचं..." त्याने समोरच्या बायकांकडे बघितलं आणि तो जरा अडखळला. "समजायचं, की बाप आलाच नाही. आईने आपलं आपणच उरकलं."

जनाबाईने तोंडात पदर कोंबला. मागच्या चौघींपैकी एक कुंपणाआड गेली, तिथून खोकल्यासारखे आवाज आले.

इंदुबाई मात्र हसली नाही. तिने आधी वाफ्यातल्या तीन गुबगुबीत रोपांकडे बघितलं, मग वृंदाच्या कडेवरच्या मधूकडे, त्याच्या कानांकडे, कपाळाकडे. मग दाराशी चपला काढत असलेल्या शशिकांतकडे. घसा खाकरून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाक मातर शशीचाच हाय हां पोराचा. आन् पायाचा आंगठा बघा. आंगठा त शशीचा काढून लावल्यावानी."

"काय झालं?" शशिकांतने विचारलं.

"काही नाही," वृंदा म्हणाली. "तुमचा अंगठा."

पण हे सगळं झालं तरी नापास ते नापासच होतं. सासूला बोलावं, तर सांगायचं राहिलं होतं ते आपल्याकडून. वृंदाने विचारलं, "आई, ती उपटलेली रोपं कुठे टाकलीत?"

"टाकतंय कोन? जिता रोप हाय ता. वाटली."

"कोणाला?"

"आख्ख्या पाड्याला. कातरी असला तरी टमाटा देतंय ना?"

श्रीपादने कानामागची पेन्सिल पुन्हा हातात घेतली. कंपनीचा नियम असा होता की शंभरात दोन बटाटी चालतील, त्यावर एकही नाही, आणि मोजायचं ते डोळ्यांनी बघितलेलं. "बटाटी तीन आहेत," तो म्हणाला. "तीन माफ व्हायची तर एकूण दीडशे रोपं मला दिसली पाहिजेत. म्हणजे एकशे सत्तेचाळीस कातरी. वाटली किती?"

"येकशे त्र्याऐंशी," इंदुबाई म्हणाली. तिला लिहिता येत नव्हतं, पण हातातून गेलेलं रोप ती विसरत नसे.

"मग चला."

मार्चचं ऊन डोक्यावर येत होतं. पुढे वही घेतलेला श्रीपाद, त्याच्यामागे इंदुबाई, मागे मधूच्या डोक्यावर ओला रुमाल धरून वृंदा, मग शशिकांत, आणि शेवटी गंमत बघायला आनंदा आणि जनाबाई. जनाबाईकडे चाळीस रोपं गेली होती. तिने ती मोरीच्या पाण्यावर ओळीने लावून भोवती काटेरी फांद्या रोवल्या होत्या. सदतीस जगली होती. श्रीपादने उकिडवं बसून एकेक पान उलटून बघितलं आणि वहीत रेघा मारल्या.

चंदरकडे तीस गेली होती. चंदर आपल्या शेळीचा कान धरूनच दारात उभा राहिला.

"धा हायत परसात. वीस हिच्या पोटात."

"पोटातली धरता येत नाहीत."

"का? मी सांगतंय ना, सगली कातरी होती. मी सोता बघितली खाताना."

"मी बघितली पाहिजेत, चंदरशेठ."

"मंग सांजच्याला या," चंदर म्हणाला. "बाहेर येतील तवा बघा."

इथवर ठीक चाललं होतं. पण चौथ्या घरापासून काहीतरी बदललं. नदीपलीकडची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा सरकारी माणूस असाच वही घेऊन दारोदार फिरला होता. आंब्याला इतके, ताडाला इतके, अशी झाडामागे भरपाई मिळाली होती, आणि ज्यांनी आदल्या दिवशी फांद्या रोवल्या त्यांनाही मिळाली होती. वही, पेन्सिल आणि उकिडवा बसलेला पँटवाला एवढं बघून पाड्याने जे समजायचं ते समजून घेतलं. पाचव्या घरी बारा वाटली होती, तिथे एकोणीस निघाली. सहाव्या घरी मातीच्या ओल्या चिखलात नुकतीच खोचलेली नऊ रोपं माना टाकून उभी होती. सातव्या घरची म्हातारी घमेलंच घेऊन रस्त्यात आली.

"ही पन लिवा सायेब. माझ्या सासऱ्याच्या नावावर."

"सासरे कुठे आहेत?"

"ते गेले. बावीस वर्सां झाली. पन सातबाऱ्यावर तेच हायत."

मारुतीच्या देवळाजवळ शिवराम नावाचा एकजण बैलाच्या दावणीतून धावत आला आणि त्याने कमरेएवढं झाड मुळासकट श्रीपादच्या पायाशी ठेवलं.

"अहो, हे वांगं आहे."

"कडा बघा ना, जरा कातरी हायच की."

दुपारी एक वाजता श्रीपाद चावडीच्या पायरीवर बसला, रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि वही मिटली. "एकशे त्र्याऐंशी वाटली. त्यातली वीस तर शेळीनेच खाल्ली. आणि मला सापडली दोनशे अकरा. वहिनी, नापास परवडलं. हे मी लिहून दिलं तर फसवणुकीत जाईन."

गावठी टोमॅटोचं पानही कातरीच. चिखलात खोचलेलं रोप जनाबाईच्या मोरीवरच्या रोपापासून कोणी आणि कसं निवडायचं? वृंदाने प्रत्येक घरचा एकेक पाला तोडून पायरीवर मांडला. कॉलेजात तिने टोमॅटोच्या पानाची आकृती दोनदा काढली होती, पेन्सिलला टोक काढून, भागांना नावं देऊन. दोन्ही वेळा दहापैकी नऊ. आता ती बघत होती आणि तिला फक्त पानं दिसत होती. खड्ड्यात बसलेली म्हैस पुन्हा डोळ्यांसमोर आली, या वेळी रवंथ करत.

तेवढ्यात मधूने पायरीवरचं एक पान उचलून तोंडात घातलं.

"अहो, विषारी असतं ते!" वृंदा किंचाळली. तिचा हात पोचायच्या आधी इंदुबाईने नातवाच्या गालफडात बोट घालून पान बाहेर ओढलं, पदराला पुसलं, आणि फेकता फेकता थांबली.

"हा माझा नाय," ती म्हणाली.

"काय?"

"ह्या पानाचा रोप माझा नाय. कोनी मधीच घुसवलेला हाय."

श्रीपाद उठून उभा राहिला. "मावशी, कशावरून?"

"कशावरून म्हंजे? पिल्ला नायत." तिने पायरीवरचं दुसरं पान उचलून त्याच्या नाकाशी धरलं. "ह्यो बघा माझा. ही मोठी पाकली, ही मोठी पाकली. दोघींच्या मधी देठाला बारकी बारकी पिल्ला बसलीत की नाय? कडेवर पोर घेतल्यावानी? आन् ह्या गावठीला बघा. मोठी, मंग मोकला देठ, मंग मोठी. वांझोटा."

वृंदाने पान घेतलं. मोठ्या पाकळ्यांच्या मधे, देठाला चिकटून, तांदळाच्या दाण्यापासून चिंचोक्यापर्यंतच्या आकाराची लहान लहान पानं होती. ती मधूला शशिकांतच्या हातात कोंबून मळीकडे धावत गेली आणि बापाच्या सरीतली फांदी मोडून घेऊन आली. पिल्लं होती. बापाच्या प्रत्येक पानाला होती. नऊ मार्कांच्या आकृतीत तिने ती काढलीही असतील. बघितली मात्र आज.

श्रीपादचा तसा विश्वास बसला होता, पण तो पगार कंपनीचा खात होता. त्याने इंदुबाईला भिंतीकडे तोंड करून बसवलं, माहीत असलेल्या घरची वीस पानं निवडून उलटसुलट मिसळली आणि एकेक तिच्या हातात दिलं. तिने ती बघितलीही नाहीत नीट, देठावरून अंगठा फिरवला. "माझा. माझा. चोर. माझा. चोर. ह्यो जनाबायच्या मोरीचा, साबनाचा वास येतंय." वीसच्या वीस बरोबर. आनंदाने डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला.

मग सगळी फेरी पुन्हा सुरू झाली, या वेळी इंदुबाई पुढे. ती दारात शिरली की बायका आपोआप बाजूला सरत. "हा काढा. हा काढा. गो, लाज नाय वाटत, ह्याला त फूल आलंय. माझी पोरा पाच आठवड्यांची." घमेलंवाल्या म्हातारीचे सासरे यादीतून गेले. वांगं शिवरामने स्वतःच परत नेलं.

शेवटच्या घराच्या अंगणात रेघा झाल्या एकशे सेहेचाळीस. अंगणात एकच रोप उरलं होतं, पाण्याच्या टाकीखाली. इंदुबाई त्याच्यासमोर बसली. अंगठा देठावरून फिरवला. पुन्हा फिरवला.

"म्हन की तुझा हाय," जनाबाई तिच्या कानाशी म्हणाली. "येकाचा त परश्न हाय. सायेब काय नाय बोलायचा."

श्रीपाद नेमका तेव्हाच पाण्याच्या टाकीवरचा कंपनीचा शिक्का वाचू लागला. वृंदा सासूच्या पाठीकडे बघत होती. घामाने पोलकं चिकटलेलं, मणक्यांची रांग दिसत होती. मनातल्या मनात ती म्हणाली, म्हणा हो आई, एकदाच म्हणा.

"पिल्ला नायत गो," इंदुबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "कशी म्हनू?"

श्रीपादने वहीवर गणित केलं. "एकशे एकोणपन्नासात तीन. दोन पूर्णांक शून्य एक टक्का."

"शून्य एकासाठी मळी जाणार?" शशिकांत म्हणाला.

"नियम दोनचा आहे."

इंदुबाई डोळे मिटून बोटं मोजत उभी होती, जनाबाईची चाळीस, चंदरची तीस, अशी घरं पुटपुटत. मग तिने डोळे उघडले.

"सा रोपा काशीनं नेली."

काशी म्हणजे इंदुबाईच्या भावाची मुलगी. नवरा शहाडच्या कारखान्यात, बिऱ्हाड तिथल्याच एका चाळीत. सातवा महिना होता तिला. चार दिवसांपूर्वी ती आत्याला भेटायला येऊन गेली होती, वृंदा माहेरी असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला दांडी मारून शशिकांत श्रीपादला घेऊन शहाडला गेला. वृंदाने मधूला तीनदा पाणी पाजलं, दोनदा कपडे बदलले आणि एकदा दूध उतू घालवलं. आनंदा भट्टीवाल्याकडे न जाता ओट्यावरच बसून राहिला. दीड वाजता दोघं परतले ते लांबूनच हात हलवत.

"पास!" शशिकांत ओरडला. "सहातली पाच जिवंत आहेत! तेलाच्या डब्यात लावलीत, खिडकीत!"

"आणि पाचही पिल्लंवाली," श्रीपाद म्हणाला. "गजातून हात घालून मी एकेक पान बघितलं. एकशे चौपन्नात तीन. वहिनी, एक पूर्णांक पंच्याण्णव!" त्याने वहीवर 'पास' लिहून खाली रेघ मारली आणि ती रेघ पुन्हा गिरवली. जनाबाई गूळ घेऊन आली. आनंदाने गुळाचा खडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाला, "खड्ड्यात म्हशी बसल्या असत्या. चांगली सोय होती." मग तोच हसला. वृंदा मधूला वर उडवून झेलत होती आणि तिला स्वतःचंच हसणं परकं वाटत होतं, इतक्या दिवसांनी ते ऐकू येत होतं.

इंदुबाईने सगळ्यांच्या हातात पाण्याचे तांबे दिले. मग लेकासमोर उभी राहून विचारलं, "आन् काशी?"

"काय काशी?"

"कशी हाय काशी?"

शशिकांतने श्रीपादकडे बघितलं. श्रीपादने वहीकडे.

"खोलीला कुलूप होतं," शशिकांत म्हणाला. "म्हणून तर गजातून बघितलं."

"बाजूला इचारला नाय?"

"गाडीची वेळ झाली होती... आणि पानं तर मोजून झाली होती."

"पाय सुजले होते तिचे," इंदुबाई म्हणाली. "चपला घालवत नव्हत्या. हातात घेऊन गेली ठेसनापर्यंत. मी म्हटला, रहा गो. बोलली, ह्यांच्या डब्याचं काय."

वृंदाने मधूला खाली ठेवलं. सुजलेले पाय, सातवा महिना, बंद खोली. डॉक्टरांकडच्या बाकावर बसून वाचलेले भिंतीवरचे, गरोदर बायकांच्या धोक्याचे सगळे तक्ते तिच्या डोक्यात एकदम उलगडले. तिने श्रीपादला विचारलं, "डब्यातली माती ओली होती का?"

"मातीकडे नाही लक्ष गेलं."

"पानं कशी होती? उभी होती?"

श्रीपादने गूळ गिळला. "नाही," तो हळू म्हणाला. "माना टाकल्या होत्या सगळ्यांनी. मोजायला अडचण आली नाही, पण... दोन-तीन दिवस पाणी मिळालं नसावं."

तेव्हा आनंदा उठला. सायकल काढली, टॉवेल डोक्याला बांधला आणि स्टेशनच्या वाटेला लागला.

त्याला जाऊन आता चार तास झालेत. दिवेलागण झाली. इंदुबाई ओट्यावर बसून आहे, जेवायला उठत नाही. वृंदा मधूला मांडीवर थोपटत रस्त्याकडे बघते आहे. वाफ्यातल्या त्या तीन गुबगुबीत रोपांना आज कोणी पाणी घातलेलं नाही. गावात फोन नाही, आणि आनंदाला चाळीचा नंबर नीट माहीत होता की नाही हे आत्ता कोणालाच आठवत नाही.

तुमच्यापैकी कोणी शहाडला उतरत असेल, तर एवढं करा. स्टेशनच्या पूर्वेला कारखान्याच्या भिंतीलगत बैठी चाळ आहे, सातवी की आठवी खोली. खिडकीत तेलाचा डबा दिसेल, त्यात पाच रोपं. पानांकडे बघू नका, ती मोजून झाली आहेत. शेजारच्या दारावर थाप मारा आणि विचारा, काशी कुठे आहे, कशी आहे. आणि ती दारात आलीच, तर आधी तिचे पाय बघा.